एक ‘नो’ आणि मामा रुसले!

२००६ची गोष्ट. ताईचं लग्न ठरलेलं आणि मी धाडला डीटीपीच्या दुकानात पत्रिकेचं प्रूफ बघत बसलेलो. (हो, बुलढाणा जिल्ह्यातलं धाड. ‘काय धाड भरलीय?’ हा जोक ऐकून झालाय!) धाकट्या मामांचं राहिलेलं नाव शेवटी टाइप झालं. गिऱ्हाइकं ताटकळलेली, लाइट जायची वेळ झालेली. ऑपरेटरनं फुलीवर क्लिक केलं, चौकोन आला, त्यानं न वाचताच ‘नो’ दाबलं. छापली गेली ती जुनी फाइल. मंगलाष्टकांना मामा ताईमागे उभे राहिले, पण जेवले नाहीत बॉस!

चूक त्याची? अर्धीच. विंडोज एक्सपीचं साधं नोटपॅड आठवा. बंद करताना वर लांबलचक वाक्य, खाली येस, नो, कॅन्सल. घाईत वाक्य कोण वाचतं? डोळा थेट बटणावर! आणि ‘नो’ म्हणजे नेमकं काय नको, हे बटण सांगत नाही. विंडोज ७पर्यंत (२००९) तिथेच ‘सेव्ह’, ‘डोन्ट सेव्ह’ आलं. मॅकवाल्यांकडे हे आधीपासूनच होतं, असो. काहीच बदललं नसताना विचारणारी सॉफ्टवेअर्स तर आणखी डेंजर, कारण मग बोट सवयीनंच चालतं.

लाइट गेली तर मात्र कुणी विचारतच नाही. तिथे ऑटोसेव्हच हवं. मॅकवर ते २०११ला लायनसोबत आलं. विंडोज ११चं नोटपॅडही २०२३पासून सेव्ह न केलेला मजकूर पुन्हा उघडल्यावर दाखवतं.

धाकट्या भावाच्या पत्रिकेचं प्रूफ मामांनी स्वतः वाचलं. दोनदा.