हौद्याचे लाकूड

जुना लष्करी ट्रक जतनासाठी घेणारा माणूस आधी इंजिन पाहतो, मग गिअरबॉक्स, मग टायर. हौद्याची पाळी सगळ्यात शेवटी येते, आणि तोवर पैसा आणि धीर दोन्ही संपत आलेले असल्याने कुजक्या फळ्या उखडून लोखंडी पत्रा वेल्ड केला जातो. माझ्या मते या उपायाने ट्रकचे नुकसानच होते. त्याऐवजी काय करावे, हे परभणी जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या बैलगाड्या बांधणाऱ्या सुतारांच्या विद्येत सापडते. बारा बलुतेदारांतल्या या कारागिराने लष्करी ट्रक कधी बांधला नसेल. पण भार, खड्डे, काळी माती आणि लाकूड यांचा हिशेब त्याच्याइतका कोणी केलेला नाही.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा आहे. हौद्यातले लाकूड ही युद्धकाळातली तडजोड होती, तर ती आज जपायची कशाला? आक्षेपात तथ्य आहे. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकेचा अडीच टनी, सहा चाकी ओढीचा ‘जीएमसी सीसीकेडब्ल्यू’ साडेपाच लाखांहून अधिक संख्येने बनला. त्याचा हौदा आधी पोलादी होता. पोलाद वाचवण्यासाठी 1942 मध्ये तो लाकडी झाला. पूर्ण लाकडी हौदा टिकाऊ ठरला नाही, म्हणून पुढे पोलादी सांगाडा आणि लाकडी तळ अशी जोडणी आली. या जोडणीचा टप्पा मला महत्त्वाचा वाटतो. लाकूड कुठे कमी पडते हे कळल्यानंतरही तळात ते ठेवले गेले. आपल्याकडे तर कारखान्यातून नुसती चासी यायची आणि हौदा स्थानिक सुतार बांधायचा, अशी रीत कित्येक दशके होती. युद्धानंतर ‘डिस्पोजल’मध्ये, म्हणजे लष्कराच्या जादा मालाच्या विक्रीत, निघालेले ट्रक खासगी मालवाहतुकीत शिरले, तेव्हा त्यांचे हौदे याच हातांखाली आले. 13 ते 17 सप्टेंबर 1948 च्या पोलीस कारवाईत लष्कराच्या गाड्या निजामाच्या मराठवाड्यात उतरल्या, त्या ऐन पावसाळ्यात. ओल्या काळ्या जमिनीवर गाडी कशी हेलकावते, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

हा हेलकावाच मुख्य मुद्दा आहे. एक चाक खड्ड्यात आणि दुसरे उंचवट्यावर गेले की चासीला पीळ पडतो. पीळ सोसता यावा म्हणूनच ती तशी बांधलेली असते. चासीच्या लांब तुळया आणि हौदा यांच्यामध्ये लाकडी ओंडा ठेवून तो यू-बोल्टने आवळला, की धक्का थोडा दबतो आणि लोखंडावर लोखंड घासत नाही. तिथे ताठ पत्रा वेल्ड केला, तर पीळ जायला जागा उरत नाही आणि वेल्डच्या कडेला तडा जातो. आजचे ट्रक पूर्ण पोलादी असतात, असे कोणी म्हणेल. खरे आहे, पण त्यांच्या हौद्याची बसवणूकच त्या हिशेबाने आखलेली असते. जुन्या चासीवर नुसता पत्रा चढवल्याने तो हिशेब जुळत नाही. बैलगाडीच्या चाकातही हेच तत्त्व आहे. तुंबा आणि आरे लाकडाचे, वर तापवून चढवलेली लोखंडी धाव. धाव झीज सोसते, लाकूड दणका सोसते.

मग लाकूड कोणते? मूळ जातीचेच परदेशी लाकूड आणावे, हा आग्रह मला पटत नाही. बाभूळ जड, चिवट आणि दणका सोसणारी, म्हणून चाकाला ती. पण लांब, सरळ फळीला साग बरा, कारण तो कमी वाकतो. परभणीचा मे कोरडा आणि होरपळणारा, तर जुलै दमट. फळी लांबीत जवळपास आटत नाही, रुंदीत आटते. वीस सेंटीमीटरची फळी दोन टक्के आटली तरी चार मिलिमीटरची फट पडते. म्हणून लाकूड पुरते वाळवूनच फळ्या बसवाव्यात आणि फुगायला जागा ठेवावी. कूज बहुधा बोल्टच्या भोकापासून सुरू होते, कारण पाणी तिथे साचते. बाभळीतल्या टॅनिनने लोखंडाभोवतीचे लाकूड काळे पडते आणि बोल्टही खाल्ला जातो. तेव्हा जस्त चढवलेला बोल्ट वापरावा आणि भोक आतून तेलाने भिजवावे. त्यासाठी जवसाचे तेल उत्तम, कारण ते वाळून घट्ट होते. इथल्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हा वाण दिला, त्या करडईचे तेलही वाळणाऱ्या जातीचेच, फक्त जरा सावकाश.

नव्या फळ्यांनी अस्सलपणा जातो, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. पण हौद्याची फळी ही धावेसारखी झिजून बदलायचीच वस्तू होती. जपायचे ते तिचे माप, सांध्याची रीत, बोल्टांमधले अंतर आणि फाळक्याच्या बिजागऱ्या. म्हणून उखडण्याआधी प्रत्येक फळीवर खडूने क्रमांक घालावा, माप लिहून ठेवावे, आणि जिच्यावर जुन्या रंगाचा किंवा अक्षरांचा मागमूस आहे अशी एक फळी, कुजकी असली तरी, सावलीत उभी करून ठेवावी. नवी फळी रंध्याखाली घेताना सुताराला ही जुनी फळी समोर लागते.