सिरस सर आणि आपल्या बातम्या

छत्रपती संभाजीनगरातल्या आमच्या गारखेड्यात डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे नाव कुणाला विचारलं, तर आठवलाच तर ‘अलीगढ’ सिनेमा आठवतो आणि त्यातला मनोज वाजपेयी. सिरस मूळचे नागपूरचे, मराठीचे प्राध्यापक आणि कवी. ‘पायाखालची हिरवळ’ या त्यांच्या संग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता, हे मात्र मराठीत एम. ए. केलेल्यांनाही सांगावं लागतं. आपल्या भाषेतला कवी आपल्याला हिंदी पडद्यावर भेटला, तोही २०१६ मध्ये, जाऊन सहा वर्षं झाल्यावर. याची खंत मला आजही वाटते.

८ फेब्रुवारी २०१०च्या रात्री अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या आवारातल्या त्यांच्या घरात कॅमेरा घेऊन माणसं शिरली. सर एका पुरुषासोबत होते. चित्रीकरण झालं आणि दुसऱ्याच दिवशी विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ला सांगितलेलं होतं, तरी हे घडलं. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला सर भाड्याच्या घरात मृतावस्थेत सापडले.

घरात कॅमेरा घेऊन शिरली तीही माध्यमंच, आणि ‘इंडियन एक्स्प्रेस’चा तरुण बातमीदार दीपू सेबॅस्टियन एडमंड सरांशी बोलायला, त्यांचं ऐकून घ्यायला गेला तीही माध्यमंच. त्या रात्री सरांबरोबर असलेला माणूस सायकलरिक्षा चालवायचा. त्याच्या वाट्याला ही विचारपूस फारशी आली नाही. माध्यमं ज्याला नायक ठरवतात त्याच्या शेजारी असाच एखादा गरीब माणूस उभा असतो आणि छायाचित्रातून कापला जातो.

हा विषय मराठीला नवा आहे, असं कुणी म्हणालं की मला १९३४ सालचा खटला आठवतो. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात र. धों. कर्वे वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं देत. त्यात हस्तमैथुनाचे आणि समलिंगी संबंधांचे प्रश्नही असत. त्या उत्तरांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लोकांना शंका असतील तर शास्त्राच्या आधाराने उत्तर देण्यात अश्लील काय, हा त्यांचा मुद्दा होता. खटला ते हरले, कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. बाबासाहेबांनी १९५० साली ज्या शहरात मिलिंद महाविद्यालय उभं केलं, ज्याच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, त्या आमच्या शहरात हा खटला जयंतीच्या भाषणांत मी कधी ऐकला नाही. तो ऐकायला मिळायला हवा.

पुढे १९८१मध्ये तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये रोहिणी हट्टंगडी सुमित्रा होऊन रंगमंचावर आल्या. बाईवर प्रेम करणाऱ्या बाईचं दुःख मराठी प्रेक्षकाने समोर बसून पाहिलं. १९९०मध्ये पत्रकार अशोक राव कवी यांनी मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ सुरू केलं. २००२मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी पुण्यात समपथिक ट्रस्ट काढला आणि साध्या मराठीत पुस्तकं लिहिली. खिऱ्यांचं काम मला फार मोलाचं वाटतं, कारण इंग्रजी न येणाऱ्या आईवडिलांच्या हाती देता येईल असं काहीतरी त्यामुळे हाती आलं. गावाकडच्या मुलाला आपल्या मनातलं घरी सांगायला आधी मराठी शब्द लागतात.

न्यायालयं मात्र पुढे-मागे होत राहिली. २०१३च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ पुन्हा जागेवर बसवलं, ६ सप्टेंबर २०१८ला प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते काढलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर सप्तरंगी झेंडे होते. १७ ऑक्टोबर २०२३ला मात्र समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही.

झेंडे छापून आले तरी गारखेड्यात सूतगिरणी चौकापासून पुंडलिकनगरपर्यंत खोली शोधणाऱ्याला पहिला प्रश्न तोच असतो : ‘फॅमिली आहे का?’ चाळिशीतला अविवाहित मास्तर असेल, तर त्यापुढे दुसरा : ‘लग्न का नाही केलं?’ विचारणारे वाईट लोक नसतात. टीव्हीवर न्यायालयाची बातमी पाहून ‘बरं झालं’ म्हणणारेही त्यांत आहेत. बातमीतला माणूस आपल्याच वरच्या मजल्यावर राहायला येऊ शकतो, हे त्यांच्या मनात आलेलं नसतं. सिरस सरांनाही विद्यापीठाचं घर सुटल्यावर भाड्याचंच घर शोधावं लागलं होतं.

इथल्या मराठवाडा साहित्य परिषदेचं ‘प्रतिष्ठान’ हे नियतकालिक आहे. त्याने सिरसांच्या कवितेवर एक अंक काढावा, असं मला मनापासून वाटतं. निलंबन, सिनेमा आणि मृत्यू यांवर एखादा लेख पुरेल, बाकी पानं कवितेला द्यावीत.