वरकस जमिनीतील गवत आणि मातीतील सूक्ष्म जीव

नवी मुंबईलगतच्या पनवेल, उरण भागातील डोंगरउतारावर पावसाबरोबर गवत आपोआप उगवते. त्यामुळे त्याला खताची गरज नाही, असा समज आहे. परंतु गवत कापून विकले, की जमिनीतील अन्नद्रव्येही त्याबरोबर जातात. वाळलेल्या गवतात ५ टक्के प्रथिने धरल्यास एका टनाबरोबर सुमारे ८ किलो नत्र, म्हणजे १७ किलो युरियाइतके नत्र, जमिनीबाहेर जाते. तरीही ही जमीन तग धरते, ती बऱ्याच अंशी मातीतील सूक्ष्म जीवांमुळे.

गवताच्या मुळांभोवती ॲझोस्पिरिलम जिवाणू राहतात. मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांवर ते जगतात, हवेतील थोडे नत्र स्थिर करतात आणि मुळांच्या वाढीस मदत करतात. जांभ्या, आम्लधर्मी मातीत लोह व ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. मायकोरायझा बुरशी आपले तंतू मुळांपलीकडे पसरवून तो स्फुरद गवताला आणून देते. स्फुरदयुक्त खत गरजेपेक्षा जास्त दिल्यास मात्र या बुरशीचे मुळांतील प्रमाण घटते.

जिवाणू प्रसंगी गवताशी स्पर्धाही करतात. वाळक्या काडीकचऱ्यात कर्ब जास्त व नत्र कमी असते. तो तसाच मातीत मिसळल्यास कुजविणारे जिवाणू मातीतील नत्र स्वतःसाठी वापरतात व गवत काही काळ पिवळे पडते. म्हणून काडीकचरा कुजवूनच मिसळावा.

वणव्यानंतर पहिल्या पावसात कोंब हिरवेगार दिसतात, परंतु ती वाढ फसवी असते. जळताना बरेचसे नत्र व गंधक हवेत निघून जाते आणि उघड्या उतारावरील राख व माती पावसात वाहून जाते. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

१. पावसाळा संपताच जाळरेषा काढाव्यात.

२. गवत फुलोऱ्यात असताना कापावे. बी पडल्यानंतर प्रथिने घटतात. पुढील वर्षाच्या बियाण्यासाठी एक पट्टा राखावा.

३. मारवेलचे ठोंब लावताना मुळे ॲझोस्पिरिलमच्या द्रावणात बुडवावीत. जिवाणू संवर्धक रासायनिक खतात मिसळू नये.

४. गवतात स्टायलोसारखे द्विदल चारापीक मिसळावे. त्याच्या मुळांवरील गाठींतील रायझोबियम जिवाणू नत्र स्थिर करतात.

५. माती परीक्षणानंतरच खताची मात्रा ठरवावी. नत्र विभागून द्यावे, अन्यथा कोकणातील जोरदार पावसात ते वाहून जाते.

शहर वाढत असताना चाऱ्याची जमीन कमी होत आहे. उरलेल्या जमिनीतून गवत न्यावे, पण तिचा कस तिला परत द्यावा.