हाताच्या चवीचं मोल

भूतान-नेपाळ फिरून आलेली मंडळी तिथल्या दुकानं सांभाळणाऱ्या बायकांचं भरभरून कौतुक करतात. पण असं चित्र पाहायला हिमालयच गाठायला हवा असं नाही. नवा रायपूरला आलात, तर थोडा वेळ काढून जुन्या रायपूरमधल्या महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारात जा. तिथे २०१६ मध्ये सुरू झालेलं ‘गढ कलेवा’ हे उपाहारगृह बचत गटाच्या महिला चालवतात.

तांदळाचा चिला, वाफवलेला फरा, बेसनाची कुरकुरीत ठेठरी, गोड खुरमी... आणि तांदूळ-गुळाचा अइरसा खाल्लात, तर आपला अनारसा आठवेलच! छत्तीसगढच्या घराघरांत बायका हे पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. घरात त्याला कुणी काम म्हटलं नाही. इथे त्याच हाताच्या चवीचे पैसे मिळतात.

तुमच्याही घरी दिवाळीचा फराळ एकहाती करणारी आई, सासूबाई किंवा काकू असेलच. प्रवासात अनोळखी बायकांचं कौतुक सहज तोंडून निघतं. घरी मात्र आपण मीठ कमी पडल्याचं तेवढं सांगतो. यंदा तिलाही शाबासकी द्या. आणि तिला चार पैसे कमवावेसे वाटत असतील, तर पहिली ऑर्डर तुमचीच असू द्या!