डोक्याला मार लागलेल्या माणसाला ऊन-थंडी का सोसत नाही? घरच्यांनी काय पाहायचं

नंदुरबार : मोटारसायकलवरून पडून डोक्याला जबर मार लागला, सुरतला किंवा नाशिकला ऑपरेशन झालं, महिना-दीड महिन्याने माणूस घरी आला. टाके निघाले, तो बोलू-चालू लागला. घरच्यांना वाटतं, वाचला. मग एप्रिल लागतो. घरातले बाकी सगळे घामाघूम, पण याचं अंग तव्यासारखं तापलेलं, कातडी कोरडी आणि तो नुसता सुस्त पडून. नाहीतर उलटं, सगळे पंख्याखाली बसलेत आणि हा गोधडी मागतोय. कोणी म्हणतं मलेरिया असेल, कोणी म्हणतं सोंग करतोय, कोणी भगताकडे न्यायची तयारी करतं. या त्रासाचं मूळ डोक्याला लागलेल्या त्याच मारात असू शकतं, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

मेंदूच्या तळाशी, खूप आतमध्ये, बदामाएवढा एक भाग असतो. त्याला हायपोथॅलॅमस म्हणतात. शरीराची उष्णता ३७ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे थर्मामीटरवर ९८.६ च्या आसपास ठेवायची, हे त्याचं एक काम. अंग तापलं की तो कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतो, घाम सोडतो. गार पडलं की त्याच वाहिन्या आवळतो, हुडहुडी भरवतो. १८८५ साली बर्लिनमध्ये आरोन्सोन आणि झाक्स या दोघांनी सशाच्या मेंदूत सुई टोचून दाखवलं होतं की कुठलाही आजार नसताना नुसत्या मेंदूच्या इजेनेही ताप चढतो. अपघातात डोकं जोरात हादरलं, आत रक्त साकळलं, सूज आली, की या भागाला किंवा त्याच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्या नसांना धक्का बसू शकतो. मग घाम वेळेवर सुटत नाही, कधी नको तेव्हा सुटतो, कधी अंगाच्या एकाच बाजूला सुटतो.

पण घाम आणि हुडहुडी हा अर्धाच भाग झाला. ऊन लागलं की आपण सावलीत सरकतो, पाणी पितो, शर्ट काढतो. हे सगळं न ठरवता होतं, म्हणून त्याचं महत्त्व कळत नाही. डोक्याला मार लागलेल्या माणसाला कधी तहानच कळत नाही, कधी कळते पण सांगता येत नाही, कधी उठून सावलीत जाण्याची इच्छाच होत नाही. सकाळी खाट अंगणात टाकली, दुपारी ऊन तिथपर्यंत आलं, तरी तो तसाच पडून राहतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो आळस वाटतो, पण तो त्या इजेचाच परिणाम असू शकतो.

ताप वेगळा, तापणं वेगळं

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण औषध त्यावर ठरतं. मलेरिया, निमोनिया अशा आजारात मेंदू स्वतःच शरीराची उष्णता वाढवून घेतो. जणू थर्मोस्टॅटचा काटा ९८ वरून १०२ वर सरकवतो. पॅरासिटामॉलची गोळी तो काटा खाली आणते, म्हणून ताप उतरतो. उन्हाने किंवा घाम न आल्याने अंग तापतं तेव्हा काटा जागेवरच असतो, फक्त उष्णता बाहेर पडत नाही. तिथे पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. पाणी, सावली आणि वारा हेच औषध. मेंदूच्या इजेमुळेच ताप येत असेल तर त्यावरही ही गोळी बऱ्याचदा नीट लागू पडत नाही. म्हणून 'दोन गोळ्या दिल्या, उतरला नाही, अजून दोन देऊ' असं करू नये. जास्त पॅरासिटामॉलने लिव्हर खराब होतं.

याचा अर्थ प्रत्येक ताप मेंदूच्या खात्यावर टाकायचा असाही नाही. उलट आधी बाकीची कारणं तपासायची आणि ती नसतील तरच डॉक्टर 'हा मेंदूमुळे येणारा ताप' असं म्हणतात. आपल्या भागात मलेरिया आहे, पावसाळ्यात डेंग्यू आहे. लघवीची नळी असेल तर तिथून इन्फेक्शन होतं. गिळताना घास किंवा पाणी श्वासनळीत गेलं की निमोनिया होतो. पाठीला, कमरेला जखम झाली तर त्यातूनही ताप येतो. सिकलसेलचा रुग्ण असेल तर कुठलाही ताप त्याच दिवशी डॉक्टरला दाखवायचा. अंगात पाणी कमी पडणं आणि गारठा, दोन्हीने सिकलसेलचं दुखणं उसळतं.

मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमधल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचं नाव अनेकांनी ऐकलं असेल. नोव्हेंबर १९७३ मध्ये हल्ल्यात गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूला ऑक्सिजन मिळाला नाही, आणि त्यानंतरची ४२ वर्षं त्या अंथरुणावरच होत्या. तिथल्या परिचारिकांनी त्यांना इतकं जपलं की सुप्रीम कोर्टाच्या २०११ च्या निकालातही त्याची दखल घेतली गेली. मे २०१५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला तो निमोनियाने. एवढ्या देखभालीतही छातीचं इन्फेक्शन हाच मोठा धोका राहतो, मग घरी सांभाळताना तर ताप आल्यावर छाती आणि लघवी तपासून घेणं टाळताच येत नाही.

मे महिन्यातलं घर

हवेची उष्णता कातडीच्या उष्णतेपेक्षा, म्हणजे साधारण ३५ अंशांपेक्षा जास्त झाली की शरीराला थंड व्हायला एकच रस्ता उरतो, घाम वाळणं. नंदुरबार, शहादा, तळोद्याच्या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४२-४३ वर जातो. ज्याला घामच नीट येत नाही, त्याचा तो एकमेव रस्ताही बंद. म्हणून घाम बाहेरून द्यायचा, म्हणजे अंग ओलं करायचं.

सुती पंचा किंवा जुनं लुगडं भिजवून, पिळून, छाती, मान, काख, मांड्यांवर ठेवायचं आणि पंखा लावायचा. वीज गेली तर पुठ्ठ्याने वारा घालायचा. पारा चाळिशीच्या वर असताना कोरड्या अंगावर नुसता पंखा लावून फायदा नाही, ती गरम हवा उलट अंग तापवते. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे हवा कोरडी असते, त्यामुळे ओला पंचा चांगलं काम करतो. जूनमध्ये पावसाआधी दमट उकाडा होतो तेव्हा तेच पाणी लवकर वाळत नाही. त्या दिवसांत पंचा वारंवार बदलावा लागतो आणि जास्त लक्ष ठेवावं लागतं.

पत्र्याचं घर दुपारी भट्टी होतं. त्या मानाने कुडाचं, कौलारू घर बरं. पत्र्याखाली ठेवण्यावाचून इलाज नसेल तर पत्र्यावर पाचट किंवा ओली पोती टाकावीत, खाट आतल्या गार कोपऱ्यात घ्यावी. अंघोळ दुपारी बारानंतर पुन्हा एकदा घातली तर त्यात वावगं काही नाही.

पाण्याचं मात्र डॉक्टरला विचारूनच ठरवा. डोक्याच्या इजेनंतर काहींच्या रक्तातलं मीठ कमी होतं आणि डॉक्टरांनी पाणी मोजून द्यायला सांगितलेलं असतं. इतरांना दर तासाला, मागितलं नाही तरी, माठातलं पाणी किंवा ताक थोडं थोडं द्यायचं. गिळायला त्रास असेल किंवा माणूस गुंगीत असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही.

फिट्स थांबवण्याच्या, डोकं शांत ठेवण्याच्या काही गोळ्यांनी घाम कमी होतो. टोपिरामेट ही त्यातलीच एक. 'उन्हाळ्यात अंग तापतंय, यातल्या कुठल्या गोळीमुळे असेल का?' असं डॉक्टरला विचारावं. मनाने गोळी बंद करू नये. फिट्सची गोळी अचानक थांबवली तर मोठी फिट येते, आणि अंग तापल्यानेही फिट येऊ शकते.

थांबायचं नाही असे प्रसंग

थर्मामीटरवर १०४ किंवा जास्त आणि माणूस बरळतोय, हाक मारली तर ओ देत नाही, किंवा फिट आली, तर तो उष्माघात असू शकतो. १०८ ला फोन लावायचा, पण गाडी येईपर्यंत वाट पाहत बसायचं नाही. लगेच कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतायचं आणि वारा घालायचा. बर्फ मिळाला तर कपड्यात गुंडाळून काखेत, मानेला, जांघेत ठेवायचा. डोक्याचं हाड काढून ठेवलेलं असेल तर त्या जागेवर काहीही दाबायचं नाही. धडगाव, अक्कलकुव्याच्या काही पाड्यांवर आजही रुग्णाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. अशा वेळी ऊन लागू नये म्हणून वरून गोधडी पांघरतात, ती उष्णता आत कोंडते. त्याऐवजी वर ओलं पातळ फडकं टाकावं आणि वाटेत ते पुन्हा भिजवत राहावं.

आणखी एक प्रकार असतो. अचानक छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, घामाच्या धारा लागतात, हात-पाय ताठ होतात, अंग तापतं आणि थोड्या वेळाने सगळं शांत. जबर इजेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हे जास्त दिसतं. कूस बदलताना, नळी ओढली गेल्यावर, पोट साफ नसल्यावर असा झटका येतो. पाहणाऱ्याला अंगात आल्यासारखं वाटतं. यावर औषधं आहेत. मोबाईलवर व्हिडिओ काढून डॉक्टरला दाखवला तर त्यांना ओळखायला सोपं जातं. पूजा-विधी करायचे तर करावेत, पण दवाखाना त्याआधी.

थंडीत शेकोटीपासून सांभाळा

डाब, मोलगी, तोरणमाळच्या बाजूला हिवाळ्यात दव गोठतं. तिथे हाच माणूस गार पडतो. थर्मामीटर ९५ च्या खाली गेलं, बोलणं जड झालं, सुस्ती आली की दवाखान्यात न्यायचं. एका जाड कपड्यापेक्षा पातळ दोन-तीन कपडे बरे, आणि कानटोपी हवीच. चुलीजवळ किंवा शेकोटीला खेटून त्याला झोपवू नये. ज्या बाजूला लकवा आहे तिथे चटका बसलेला कळत नाही, कातडी भाजून निघते तरी तो हलत नाही. गरम पाण्याच्या पिशवीचंही तेच. थंडीसाठी म्हणून दारू तर अजिबात नको. दारूने अंग गरम वाटतं, पण खरं तर कातडीतून उष्णता बाहेर निघून जाते आणि फिट्सचा धोका वाढतो.

बारा महिने थंडी वाजते, दम नाही, चक्कर येते, अशी तक्रार असेल तर वेगळी शंका घ्यावी. हायपोथॅलॅमसला एका बारीक देठाने पिट्युटरी नावाची ग्रंथी लटकलेली असते. डोकं आपटताना त्या देठाला इजा झाली तर थायरॉइड आणि कॉर्टिसोल ही हार्मोन्स कमी पडू शकतात. सारखी तहान आणि सारखी भरपूर लघवी हेसुद्धा तिथल्याच बिघाडाचं लक्षण असू शकतं. रक्त तपासणीत हे कळतं आणि औषधांनी आटोक्यात येतं. अपघाताला वर्ष उलटून गेलं असलं तरी डॉक्टरला 'डोक्याला मार लागला होता' हे सांगायला विसरू नये, नाहीतर तपासणी भलत्याच दिशेने जाते.

यासाठी घरात दोन गोष्टी हव्यात, डिजिटल थर्मामीटर आणि वही. हात लावून अंदाज घेऊ नका, तो फसवतो. सकाळी, दुपारी आणि रात्री काखेत मोजून लिहायचं, सोबत त्या वेळी तो कुठे होता, घाम होता का, काय प्यायला, एवढंच. काखेतला आकडा खऱ्यापेक्षा साधारण एक अंश फॅरनहाइटने कमी येतो, हे लक्षात ठेवावं. आठ-दहा दिवसांत दिसतं की अंग दुपारी पत्र्याखालीच तापतं की रात्रीही. रात्री गारव्यात ताप येत असेल तर ऊन हे कारण नाही, तपासणी हवी. ही वही आशाताईंना दाखवता येते, उपकेंद्रातून ई-संजीवनीवर मोठ्या डॉक्टरशी बोलताना वाचून दाखवता येते.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांनी अशा माणसाला सोबत नेलं तर हॉस्पिटलची फाईल, थर्मामीटर आणि महिन्याच्या गोळ्या वेगळ्या पिशवीत ठेवाव्यात. गावी म्हाताऱ्या आई-वडिलांजवळ ठेवायचं असेल तर निघण्याआधी आशाताईंना आणि शेजारच्या एकाला तरी सांगून जावं की दुपारी एकदा डोकावून त्याची खाट उन्हात तर नाही ना, ते पाहा.