काचेच्या हौदांतील जिवंत शोभा

शेतकीच्या मासिकांत काचेच्या हौदाचा विषय कशाला, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. त्यांस आमचें सांगणें असें कीं, गोंदिया, तिरोडा, आमगांव, अर्जुनी मोरगांव या बाजूच्या पुष्कळ सुखवस्तु शेतकऱ्यांच्या बैठकींत आतां असा हौद दिसूं लागला आहे. त्यांत निळी-गुलाबी खडी, प्लास्टिकचीं झाडें आणि बुडबुडे सोडणारा एखादा पेटारा मांडलेला असतो. मासे महिन्या-दोन महिन्यांत मरतात, मुलें रडतात, आणि बाजारांतून पुन्हां नवे मासे येतात. घरापासून हांकेच्या अंतरावर मालगुजारी तलावांत जिवंत पाणवनस्पतींचे ताटवे उभे असतां हा व्यवहार चालतो, याचें आम्हांस नवल वाटतें.

महसूल खात्यांत कारकुनी करीत असतां तलावांचीं निस्तारपत्रकें आम्हीं पुष्कळ उतरून काढलीं. पाणी कोणीं घ्यावें, गुरें कोठें पाजावीं, यांची नोंद त्यांत काळजीनें केलेली असे. पाण्याखालीं काय उगवतें याचा रकाना मात्र आमच्या पाहण्यांत कधीं आला नाहीं. मालगुजारी १९५१ साली गेली, तलाव राहिले. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानें ते बांधले. नवेगांव बांध येथील मोठा जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभीं कोलू पाटील कोहळी यांनीं बांधविला असें सांगतात.

या तलावांत लांब फितीसारख्या पानांची एक वनस्पती तळाशीं रुजलेली आढळते. शास्त्रांत तिला व्हॅलिस्नेरिया म्हणतात. तिचें मादीफूल पिळदार देंठावर पाण्याच्या पृष्ठभागापर्यंत येतें. नरफुलें तळाशींच सुटून वर तरंगत येतात आणि वाऱ्यानें त्याला जाऊन भिडतात. फळ धरलें म्हणजे देंठ पुन्हां पीळ घेऊन फूल खालीं ओढून नेतो. लंडन येथील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानें १८५० च्या सुमारास हीच वनस्पती एका भांड्यांत लावून दोन सोनेरी मासे सोडले. जुनीं पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें तेव्हां त्यानें तळ्यांतल्या गोगलगायी आणून सोडल्या. त्यांनीं कुजकें खाल्लें, आणि पाणी न बदलतां तें लहानसें जग चालूं लागलें. घरगुती हौदाच्या विद्येचा पाया या प्रयोगांत आहे. म्हणजे दुकानांत परदेशी नांवानें विकली जाणारी वस्तु आपल्याच पाळीखालीं उगवते.

आतां कृतीकडे वळूं. दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच हौद घरास पुरे. काठोकाठ भरल्यास त्यांत सुमारें ५७ लिटर पाणी मावतें, म्हणजे नुसत्या पाण्याचें वजन ५७ किलो; वाळू व कांच निराळी. तेव्हां डुगडुगत्या टेबलावर तो ठेवूं नये. थेट उन्हांतहि ठेवूं नये, नाहींतर पाणी हिरवें होतें. तळाशीं दोन-तीन इंच वाळू घालावी. वैनगंगेची जाड वाळू उत्तम, पण ती पाणी निवळ निघेपर्यंत धुतली पाहिजे. रंगीत खडीचा रंग सुटतो, व ती डोळ्यांसहि खुपते, हें आमचें मत.

व्हॅलिस्नेरिया लावणें म्हणजे धानाची रोवणीच. मुळें वाळूंत जावीं, पण जेथून पानें फुटतात तो गड्डा वर राहावा. तो पुरला गेल्यास रोप सडतें. हायड्रिलाच्या फांद्या नुसत्या खोंचल्या तरी जीव धरतात. तलावांतून रोपें आणावयाचीं तर आधीं तेथील मच्छीमार संस्थेला विचारावें आणि मूठभरच घ्यावीं. नवेगांव हें राष्ट्रीय उद्यान आहे, तेथील काडीहि उचलूं नये. आणलेलीं रोपें लाल दवेच्या फिकट गुलाबी पाण्यांत दहा मिनिटें बुडवून, स्वच्छ धुऊन, आठवडाभर निराळ्या घमेल्यांत ठेवावीं. जळवा आणि चतुराच्या अळ्या पानांत लपून येतात. चतुराची अळी लहान माशांस खाऊन टाकते.

शेवाळाविषयीं थोडा खुलासा हवा, कारण आपण एकाच शब्दानें दोन निराळ्या वस्तु ओळखतों. दगडावर निसरडा थर धरणारें किंवा पाण्यांत हिरव्या सुतासारखें वाढणारें शेवाळ एक. तें प्रकाश व खाद्य जास्त झाल्याची खूण आहे. पावसाळ्यांत विहिरीच्या कठड्यावर मखमलीसारखें उगवतें तें दुसरें, आणि त्यालाच इंग्रजींत मॉस म्हणतात. कठड्यावरचें उपटून हौदांत घातल्यास तें बहुधा कुजतें. हौदासाठीं पाण्यांत वाढणाऱ्या जातीचेंच मॉस घ्यावें. दुकानांत जावा मॉस नांवानें मिळतें तें आग्नेय आशियांतलें आहे. त्याला खरीं मुळें नसतात. तंतूंनीं तें दगडालाकडास चिकटतें. म्हणून तें मातींत लावूं नये. जुन्या कवेलूच्या तुकड्यावर पातळ पसरून सुती दोऱ्यानें बांधावें. दोरा कुजेपर्यंत मॉस कवेलूस धरून बसतें. तें सावकाश वाढतें, व उन्हाळा त्यास मानवत नाहीं. आपल्याकडील मे महिन्यांत तें पिवळें पडूं लागलें तर हौद थंड खोलींत हलवावा, कांचेबाहेर ओलें फडकें गुंडाळावें व पृष्ठभागावर पंख्याचा वारा द्यावा. तापलेल्या पाण्यांत प्राणवायु कमी मावतो. शिवाय रात्रीं झाडेंहि तो वापरतात. म्हणून पहांटे मासे तोंड वर करून धापा टाकतांना दिसले तर ती सूचना समजावी.

शोभेच्या वस्तूंत कुंभाराच्या भाजलेल्या मातीसारखें दुसरें कांहीं नाहीं. फुटकें गाडगें आडवें ठेवलें कीं माशांस गुहा मिळते. दगड घेतांना त्यावर लिंबू पिळून पाहावें; फेस आला तर त्यांत चुना आहे, तो पाणी जड करतो. शिंपल्यांचेंहि तेंच. नवें सिमेंटचें देऊळ कांहीं आठवडे निराळ्या पाण्यांत, पाणी बदलीत, भिजवल्याशिवाय आंत ठेवूं नये. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ति विरघळतात. तांब्यापितळेच्या मूर्ति व नाणीं तर मुळींच नकोत. तांबें पाण्यांत उतरतें आणि गोगलगायी व मासे मारतें. मुलांनीं श्रद्धेनें टाकलेला एक पैसाहि बाहेर काढावा. लाकूड उकळून, पाण्यावर चहासारखा रंग येणें थांबेपर्यंत भिजवावें.

मासे मात्र शेवटीं. रोवणी झाल्यावर तीन-चार आठवडे थांबावें. माशांच्या विष्ठेपासून व उरल्या खाद्यापासून अमोनिया होतो, तो माशांस विष आहे. वाळूंतले सूक्ष्म जीव त्याचें आधीं नायट्राइट व मग नायट्रेट करतात, आणि झाडें तें नत्र खातात. युरियांतून धानास मिळतें तें हेंच नत्र. प्लास्टिकच्या झाडांस भूक नसते. हौद सडण्याचें निम्में कारण यांत आहे. नव्या हौदांत एकदम डझनभर मासे सोडणें म्हणजे परे रुजण्यापूर्वीं बांधीला पोतेंभर खत देणें होय. पांच-सहा लहान मासे पुरेत. पट्टेदार झेब्रा मासा मूळ भारतांतलाच आहे. सोनेरी मासा झाडें कुरतडतो व फार घाण करतो. नळाचें पाणी दिवसभर उघडें ठेवून मग वापरावें.

आतां ज्यासाठीं हा लेख आम्हीं मुख्यतः लिहावयास घेतला तें सांगतों. कंटाळा आला कीं लोक हौद नाल्यांत वा तलावांत रिकामा करतात. जीव वांचविल्याचें पुण्यहि मानतात. शोभेसाठीं आणलेली जलपर्णी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालांत शिरली आणि तेथून देशभर पसरली. आपल्या तलावांच्या कडेस माजलेलें बेशरम हेंहि दक्षिण अमेरिकेचें. कांच साफ करतो म्हणून विकला जाणारा सकर मासा तिकडचाच. लहानपणीं बोटाएवढा, पुढें फूट-दीड फूट वाढतो, आणि त्याचा नर विणीसाठीं कांठाच्या मातींत बिळें करतो. आपल्या तलावांच्या पाळी मातीच्या आहेत. पाळीखालीं कोणाचें धान उभें असतें हें वाचकांस सांगावयास नको. विदेशी मांगुर पाळण्यास २००० सालापासून बंदी आहे तीहि याच जातीच्या अनुभवामुळें.

उलट बाजूहि या जिल्ह्यांत घडली आहे. अर्जुनी मोरगांव तालुक्यांत मनीष राजनकर व पतिराम तुमसरे यांनीं ढिवर बांधवांच्या माहितीवर विसंबून, बेशरम काढून, तलावाचा तळ नांगरून, देशी पाणवनस्पतींची रोवणी करविली. कोणती वनस्पती कोणत्या माशाच्या उपयोगाची, हें ढिवर म्हाताऱ्यांस तोंडपाठ होतें. त्यांच्या त्या श्रमावर दुकानांतून आणलेला एक सकर मासा पाणी फिरवूं शकेल.

म्हणून हौदांतलें काढलेलें शेवाळ व छाटलेल्या फांद्या उन्हांत कडकडीत वाळवून शेणखताच्या खड्ड्यांत घालाव्या. हायड्रिलाचा बोटभर तुकडाहि ओला राहिल्यास पुन्हां रुजतो. आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें, व काढलेलें पाणी नालींत न सोडतां परसांतल्या वांग्या-मिरचीस घालावें. त्यांत नत्र असतें. नको झालेले मासे दुकानदारास परत द्यावे किंवा दुसऱ्या हौशी माणसास. तो घेत नसेल तर ते मरेपर्यंत आपणच पोसावे.