पाणी निळे आहे, तोवरच

सरोवराच्या मधोमध नाव थांबते. दोरीला बांधलेली, वीस सेंटिमीटर रुंदीची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची एक तबकडी पाण्यात सोडली जाते. दोरीवर मीटरच्या खुणा असतात. तबकडी खाली जाते, फिकट होते आणि निळाईत विरून जाते. दिसेनाशी झाली की दोरीवरचा आकडा वहीत उतरवायचा, एवढेच काम. इटलीतले धर्मगुरू आणि खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये ही युक्ती वापरली. पाण्याची नितळता मोजायला आजही जगभर तीच वापरतात. न्यूझीलंडच्या टाउपो सरोवरात ही तबकडी साधारण १५ मीटर खोलीपर्यंत दिसत राहते. पाचव्या मजल्यावरच्या गच्चीतून खाली अंगणातली रांगोळी स्वच्छ दिसावी, तसे.

एवढे नितळ पाणी असताना त्याच्या काठावरच्या शेतकऱ्यांवर कडक नियम घालायची काय गरज होती? टाउपोची गोष्ट मला मोलाची वाटते, ती याच प्रश्नामुळे. सरोवर नासल्यावर धावाधाव करणारे देश पुष्कळ आहेत. इथे पाणी निळे असतानाच लोकांनी हिशेब मांडला.

टाउपो हे न्यूझीलंडमधले सर्वात मोठे सरोवर. सुमारे ६१६ चौरस किलोमीटर पसरलेले आणि सर्वात खोल जागी १८० मीटरहून अधिक खोल. सुमारे साडेपंचवीस हजार वर्षांपूर्वी झालेल्या महाप्रचंड ज्वालामुखी स्फोटाने तयार झालेल्या विवरात हे पाणी साठले आहे. नंतरही स्फोट होत राहिले आणि भोवतालचा मुलूख प्युमिस या दगडाच्या थरांनी झाकला गेला. प्युमिस म्हणजे टाचा घासायला वापरतात तो हलका, सच्छिद्र, पाण्यावर तरंगणारा दगड. या जमिनीत पाणी ठरत नाही. पाऊस पडला की सरसर खाली झिरपतो. पुढची सगळी कथा या झिरप्याची आहे.

या जमिनीवर एके काळी गुरे जगत नसत. पोटभर गवत असूनही ती खंगत जात आणि मरत. तिथले लोक या दुखण्याला ‘बुश सिकनेस’ म्हणत. १९३० च्या दशकात कारण सापडले: मातीत कोबाल्टची कमतरता होती. कोबाल्टशिवाय जनावराच्या पोटात ब-१२ जीवनसत्त्व तयार होत नाही. मग कोबाल्ट मिसळलेले सुपर फॉस्फेट टाकले जाऊ लागले, दुसऱ्या महायुद्धानंतर तर विमानातून खत फेकण्याची पद्धतच रुजली. सरकारने रान साफ करून कुरणे तयार केली आणि मेंढ्या व गुरे सरोवराभोवती पसरली. त्या काळात हा पराक्रमच होता. ओसाड जमीन हिरवी केल्याबद्दल ज्यांची पाठ थोपटली गेली, त्यांच्याच मुला-नातवंडांना पुढे या हिरवळीचा हिशेब द्यावा लागला.

आपल्याकडे शेतकरी नत्र, स्फुरद, पालाश ही त्रयी तोंडपाठ म्हणतो. पाण्यातल्या शेवाळालाही हेच अन्न लागते. यांतले जे सर्वात कमी, त्यावर शेवाळाची वाढ अडते. पुष्कळ सरोवरांत ही कळ स्फुरदाच्या हाती असते. टाउपोत ज्वालामुखीच्या खडकांतून स्फुरद आपसूक येते, त्यामुळे शेवाळाची भूक अडते ती नत्रावर. नत्र वाढले की शेवाळ वाढणार आणि तबकडी लवकर दिसेनाशी होणार.

नत्र आले की आपल्या डोळ्यांपुढे युरियाची गोणी येते. टाउपोची मुख्य गळती वेगळी आहे. तिथल्या कुरणात गवताबरोबर क्लोव्हर वाढते. हे आपल्या बरसीमचे सख्खे भावंड. मुळांवरच्या गाठींतून ते हवेतले नत्र मातीत आणते. गाय ते गवत खाते. तिच्या अंगी लागते थोडेच, उरलेले बरेचसे मूत्रावाटे बाहेर पडते. आपल्याकडे जनावर दावणीला असते. गोठ्यातले मूत शेणखतात जिरते, कुणी जीवामृताला वापरते. न्यूझीलंडमध्ये गुरे बारा महिने उघड्या रानात असतात. गाय जिथे उभी, तिथेच मुतते, आणि त्या हातभर जागेत पडणारे नत्र हेक्टरी हिशेबाने ५०० ते १,००० किलोपर्यंत भरते. पंचेचाळीस किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. म्हणजे अडीच एकरांवर २४ ते ४८ गोण्या ओतल्यासारखे झाले. एवढे नत्र कुठलेही गवत पिऊ शकत नाही. हिवाळ्यात गवताची वाढ मंदावते, वरून पाऊस पडतो आणि उरलेले नत्र प्युमिसमधून थेट भूजलात उतरते.

कारखान्याचे सांडपाणी पाइपच्या तोंडाशी उभे राहून मोजता येते. शेताला असे तोंड नसते. ते अंगभर झिरपते आणि दिसत काहीच नाही. म्हणून शेतीच्या झिरप्याला कायद्याने हात घालायला भलेभले देश कचरतात. अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यातही शेतातून वाहून येणारे पाणी परवान्याच्या कक्षेबाहेर राहिले. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरात विषारी शेवाळ माजले आणि अमेरिकेतल्याच टोलेडो शहराच्या परिसरातल्या चार-पाच लाख लोकांना दोन-तीन दिवस नळाचे पाणी तोंडात घालू नका, असे सांगावे लागले. ते पाणी उकळूनही उपयोग नव्हता. उकळल्याने ते विष जात नाही. त्यामागे मुख्यतः मका-सोयाबीनच्या शेतांतून वाहून आलेले स्फुरद होते.

टाउपो ज्या विभागात येते, त्या वायकाटोच्या विभागीय परिषदेने शेतीच्या झिरप्याला हात घालण्याचे धाडस केले. २००५ मध्ये नियमांचा मसुदा जाहीर झाला, २००८ मध्ये पर्यावरण न्यायालयाचा निकाल आला आणि २०११ पासून नियम पूर्णपणे लागू झाले. नियमाचे सूत्र असे: शेतात किती खत टाकले, एवढ्यावर न थांबता शेतातून किती नत्र गळते, ते मोजायचे. जुलै २००१ ते जून २००५ या काळातल्या ज्या वर्षाचे गळतीचे प्रमाण सर्वाधिक, ते त्या शेताचे कमाल प्रमाण ठरले. यापुढे वर्षाला इतके किलो, त्याहून जास्त नाही. हा आकडा ‘ओव्हरसीअर’ नावाच्या संगणकीय प्रारूपातून काढतात: जनावरे किती, कोणती, पाऊस किती, माती कशी, चारा बाहेरून येतो का, हे सगळे त्यात भरावे लागते.

किलो ठरवून दिले. ते कसे सांभाळायचे, हे शेतकऱ्यावर सोडले. कुणी गुरे कमी करून मेंढ्या वाढवल्या, कारण मेंढीचे मूत थोडे-थोडे आणि विखरून पडते. कुणी हिवाळ्यात गुरे सरोवराच्या खोऱ्याबाहेर चरायला पाठवली. लसूणघासासारखी खोल मुळांची पिके घेणे हाही एक मार्ग होता. आणि आपल्या वाट्याचे नत्र वापरायचे नसेल, तर ते खोऱ्यातल्याच दुसऱ्या शेतकऱ्याला विकता येऊ लागले. शेतातून झिरपणाऱ्या नत्राची अशी खरेदी-विक्री जगात पहिल्यांदा इथे सुरू झाली, असे मानले जाते.

पण नुसती मर्यादा पुरणार नव्हती. जे गळते आहे तेही कमी करायचे होते, आणि त्याची किंमत एकट्या शेतकऱ्याने का मोजावी? ‘टाउपो लेक केअर’ या शेतकऱ्यांच्या संघटनेने हाच मुद्दा लावून धरला. तो रास्त होता. सरकारनेच तर या जमिनीवर कुरणे वाढवली होती, आणि निळ्या पाण्यावर चालणारी हॉटेले, नावा आणि ट्राउटच्या मासेमारीला येणारे पर्यटक सगळ्यांच्याच फायद्याचे होते. २००७ मध्ये टाउपो सरोवर संरक्षण न्यास स्थापन झाला. त्याच्या सुमारे आठ कोटी न्यूझीलंड डॉलरच्या निधीत केंद्र सरकारचा वाटा ४५ टक्के, विभागीय परिषदेच्या करदात्यांचा ३३ टक्के आणि टाउपो जिल्ह्याच्या करदात्यांचा २२ टक्के होता. खोऱ्यातले आटोक्यात आणता येण्याजोगे नत्र २० टक्क्यांनी घटवायचे, हे उद्दिष्ट. न्यासाने शेतकऱ्यांकडून नत्राचे हक्क विकत घेऊन ते कायमचे बाद केले, काही जमिनी घेऊन तिथे पाइन लावले. २०१५ पर्यंत वर्षाला १७० टन नत्र कमी करण्याचे करार पूर्ण झाले. आपल्या भाषेत सांगायचे तर युरियाच्या सुमारे ८,२०० गोण्या, दहा टनी ट्रक धरले तर सदतीस. एवढ्या अवाढव्य सरोवराचे नशीब वर्षाच्या सदतीस ट्रकांवर हलते, हे वाचून मी थबकलो होतो.

या नियमांत एक ठसठसणारी जागा आहे आणि ती झाकून चालणार नाही. ज्याने जास्त गळू दिले, त्याला जास्त वाटा मिळाला. ज्याने जमीन रान म्हणून राखली, त्याच्या हाती नाममात्र किलो आले. सरोवराच्या खोऱ्यातली बरीचशी जमीन तूफारेतोआ या माओरी समाजाच्या सामाईक मालकीची आहे. टाउपोच्या तळाची मालकीही १९९२ च्या करारानुसार त्यांच्याकडे आहे. त्यांच्यातल्या अनेकांनी जमिनीवर जंगल ठेवले होते. उद्या तिथे गुरे पाळायची म्हटली तर हक्क विकत घ्यावे लागणार. जंगल-उद्योगातल्या कंपनीनेही न्यायालयात याच वाटपाला विरोध केला. न्यायालयाने वाटप कायम ठेवले, कारण चालू संसार एका रात्रीत मोडता येत नाहीत. तो निर्णय व्यवहाराला धरून होता. पण ज्यांनी पाणी राखले, त्यांच्या त्यागाची पावती त्यात नाही, असे मला मनापासून वाटते.

दुसरी शंका मोजमापाची. २०२१ मध्ये न्यूझीलंड सरकारने नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने ओव्हरसीअरच्या अंदाजांवर पुरेसा विश्वास ठेवता येत नाही, असा निष्कर्ष काढला. ज्या आकड्यावर शेतकऱ्याचे उत्पन्न टांगलेले आहे, तो आकडा पारखून घ्यायलाच हवा. मात्र तराजू दुरुस्त करणे वेगळे आणि तोलणेच सोडून देणे वेगळे. त्याच वर्षी जुलैपासून देशभरच्या कुरणांवर कृत्रिम नत्रखताची हेक्टरी १९० किलो ही वार्षिक मर्यादाही लागू झाली.

हे वाचताना मला भीमेवरचे उजनी धरण आठवते. उन्हाळ्यात हिरवे पडणारे ते पाणी सोलापूर पिते. तिथला मोठा भार पुणे-पिंपरीच्या मैलापाण्याचा आहे, त्यात उसाच्या शेतांतून येणारे खत मिसळते. टाउपोचा नियम उचलून भीमेच्या खोऱ्यात बसवता येणार नाही. आपली शेते एकर-दोन एकरांची आहेत आणि शहरांचा दोष आधी मोजायला हवा. पण एका पाण्यात कोण किती टाकतो, याची एकच वही असावी आणि ते पाणी साफ करण्याचा खर्च शेतकरी, शहर आणि सरकार यांनी वाटून घ्यावा, हे मात्र भीमेलाही लागू पडते.

टाउपोच्या नियमांत लिहिलेले उद्दिष्ट आहे २०८० सालचे: तोवर सरोवराचे पाणी पुन्हा २००१ सारखे व्हावे. एवढा उशीर भूजलामुळे. कुरणातून झिरपलेले पाणी ओढ्यात यायला कित्येक दशके घेते, आणि सरोवरात आलेले पाणी वायकाटो नदीतून बाहेर पडायला आणखी दहा-अकरा वर्षे. म्हणजे आज सरोवराला मिळणारे बरेचसे नत्र मागच्या पिढीतल्या गुरांचे आहे. आज ज्याने वीस गुरे कमी केली, त्याला तबकडी अर्धा मीटर खोल गेलेली कदाचित दिसणारही नाही. कुणीतरी अजून न जन्मलेले माणूस एके दिवशी त्या सरोवरावर नाव थांबवेल, दोरी सोडेल आणि वहीत आकडा लिहील. तो आकडा या शेतकऱ्यांनी आज मोजलेल्या किलोंतून येणार आहे.